साहेलचा गुंता: मित्रास पत्र

प्रिय मित्रा,
सप्रेम नमस्कार.

सहारा वाळवंटाच्या दक्षिण कडेच्या साहेल पट्ट्यातील माली, बुर्किना फासो आणि नायजर या शेजारी देशांत लागोपाठ सत्तापालट कसे झाले, असे तू पुन्हा विचारले आहेस. मागे मी ‘लिबियातून आलेली शस्त्रे’ एवढेच उत्तर देऊन मोकळा झालो होतो. ते चुकीचे नव्हते, पण फार अपुरे होते.

शस्त्रांचा भाग थोडक्यात सांगतो. २०११ मध्ये लिबियात गद्दाफींची राजवट कोसळल्यावर त्यांच्या सैन्यातील तुआरेग (सहारातील एक भटका समाज) लढवय्ये शस्त्रांसह उत्तर मालीत परतले आणि जानेवारी २०१२ मध्ये तिथे बंड पेटले. बंडाशी लढायला सरकार पुरेशी साधने देत नाही म्हणून संतापलेल्या सैनिकांनी, निवडणूक महिन्यावर आलेली असताना, राष्ट्राध्यक्षांनाच पदच्युत केले आणि त्या गोंधळात किदाल, गाओ व टिंबक्टू ही शहरे हातची गेली. बंड मोडायला निघालेल्यांनीच बंडखोरांना वाट करून दिली. पुढे अल-कायदाशी जोडलेल्या गटांनी तुआरेग बंडखोरांनाही हुसकावले आणि २०१३ मध्ये फ्रेंच फौजांनी शहरे परत मिळवली.

खरा गुंता मात्र मध्य मालीत, मोप्तीच्या परिसरात आहे. तिथे नायजर नदी पसरून विस्तीर्ण पाणथळ प्रदेश तयार होतो आणि पूर ओसरला की बुर्गू नावाच्या गवताची कुरणे मोकळी होतात. त्या कुरणांत कोणाचा कळप आधी शिरायचा, चराईची पट्टी (शुल्क) किती द्यायची, भातशेती कुठवर वाढवायची, हे वाद जुनेच आहेत. नवे एवढेच की ते सोडवणाऱ्या सरकारी यंत्रणेवर लोकांचा विश्वास उरला नव्हता, कारण न्याय लाच देणाऱ्याच्या बाजूने झुकतो असा अनुभव होता. अमादू कुफा या धर्मोपदेशकाच्या सशस्त्र गटाने नेमकी हीच जागा घेतली. त्याने चराईच्या पट्टीवर मर्यादा घातली आणि तंट्यांचे निवाडे सुरू केले. हे निवाडे कठोर असत, पण होत असत. या गटात फुलानी पशुपालक बरेच असल्यामुळे प्रत्येक फुलानी संशयित ठरला, डोगोन शेतकऱ्यांच्या गावांनी स्वतःची सशस्त्र दले उभारली आणि २३ मार्च २०१९ रोजी ओगोसागू या फुलानी गावात सुमारे १६० माणसे मारली गेली. अशा कत्तलीनंतर वाचलेला तरुण संरक्षणासाठी कोणाकडे जाईल, हे वेगळे सांगायला नको.

बुर्किना फासोने २०२० मध्ये कायदा करून गावकऱ्यांच्या हाती शस्त्रे दिली. मग स्वयंसेवक देणारी गावेच हल्ल्यांचे लक्ष्य ठरली, आणि मार्च २०२३ पर्यंत विस्थापितांची संख्या २० लाखांवर गेली. नोव्हेंबर २०२१ मध्ये इनाता येथील ठाण्यावर पन्नासच्या आसपास माणसे मारली गेली, तेव्हा तिथल्या जवानांना कित्येक दिवस धान्यही पोचलेले नव्हते, असे उघड झाले. दोनच महिन्यांनी सत्तापालट झाला आणि सप्टेंबर २०२२ मध्ये, तेच अपयश पुढे करून, आणखी एक. नायजरचे प्रकरण मला निराळे वाटते: जुलै २०२३ मध्ये राष्ट्राध्यक्ष बाझूम यांना त्यांच्याच रक्षकदलाच्या प्रमुखाने कोंडले, आणि बिघडत्या सुरक्षेचे कारण मला तरी निव्वळ सबब वाटते.

या सत्तापालटांच्या काळात तिन्ही देशांतून एकेक करून फ्रेंच सैन्य गेले, संयुक्त राष्ट्रांची शांतिसेना २०२३ अखेर मालीतून निघाली, मालीत रशियन भाडोत्री सैनिक तर आधीच आले होते, आणि जानेवारी २०२५ मध्ये तिन्ही देश पश्चिम आफ्रिकी राष्ट्रांच्या इकोवास संघटनेतून बाहेर पडले. पाठीराखे बदलले, पण कुरणाचा तंटा कोणी सोडवायचा हा प्रश्न होता तिथेच राहिला.

कुफाचा गट २०१७ पासून ज्या मोठ्या आघाडीचा भाग आहे, तिने सप्टेंबर २०२५ पासून सेनेगल आणि आयव्हरी कोस्टकडून येणारे इंधनाचे टँकर अडवायला व जाळायला सुरुवात केली, आणि मालीची राजधानी बमाकोत इंधनाअभावी शाळा दोन आठवडे बंद ठेवाव्या लागल्या. कुरणात कोणी शिरायचे हे ठरवणारी माणसेच आता राजधानीच्या रस्त्यावरून कोणी जायचे हे ठरवू लागली आहेत.

तुझा मित्र