आजीचं इरकली लुगडं

टोरांटो

तीर्थरूप आईस,
शिरसाष्टांग नमस्कार.

बडोद्याहून परत येऊन आठ दिवस झाले. तुला फोनवर सगळं सांगायचं ठरवते, पण मावशीनं चित्रासाठी कापलेल्या आजीच्या लुगड्याचा विषय निघाला की तुझा आवाज भरून येतो आणि मग मलाही पुढे बोलवत नाही. म्हणून लिहायला बसले. "आईचं लुगडं कात्रीला लावलं, मला एका शब्दानं विचारलं नाही," हे तुझं बोलणं डोक्यात घेऊनच मी मावशीकडे उतरले. खरं सांगते, मीही रागातच होते.

मावशीचं ते चित्र लावलेलं प्रदर्शन दांडिया बाजारात होतं, एका मंगल कार्यालयाच्या वरच्या हॉलमध्ये. अकरा जणांची कामं. बहुतेक आपली मराठी मंडळी, शिवाय शेजारच्या दोन गुजराती बायका. भिंतीला खिळा मारायचा नाही, हे कार्यालयवाल्यांनी सांगितलं आदल्या रात्री. मग सगळ्यांनी मिळून मांडवाचे बांबू उभे केले आणि चित्रं सुतळीनं टांगली. रात्री अकराला कोणीतरी सेव-उसळ आणली, ती सगळ्यांनी उभ्यानंच खाल्ली. तुझ्या माहेरच्या सेव-उसळीची चव अजून तशीच आहे.

बँकेतून निवृत्त झालेल्या एका काकांचं काम माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही. उत्तरायण झाल्यावर गच्च्यांवरून गोळा केलेले फाटके पतंग त्यांनी एकावर एक चिकटवले होते. पतंगाचा कागद इतका पातळ, की खालचा रंग वरच्यातून डोकावतो. लालावर पिवळा आला तिथे नारिंगी झालेला. त्यावर गुलाबी दोरी ताणून बसवलेली, काचेचा चुरा अजून तसाच. बाजूला पाटी होती, "हात लावू नये, कापेल."

तू विचारलं होतंस, चित्र काढायला रंग पुरत नाहीत का, चिंध्या कशाला हव्यात? आई, मिश्र माध्यम म्हणजे तेच. ज्या वस्तूबद्दल बोलायचं ती वस्तूच चित्रात आणायची. पिकासोनं १९१२ मध्ये वेताच्या विणीची नक्षी छापलेलं मेणकापड चित्रात चिकटवलं आणि कडेनं खरी दोरी बसवली. पण तुला एवढ्या लांबचं कशाला सांगू? बडोद्याचं फाइन आर्ट्स कॉलेज १९५० साली सुरू झालं, इंदूरचे चित्रकार बेंद्रे तिथे चित्रकला शिकवायला आले, आणि पुढे चित्रकार के. जी. सुब्रमण्यन कॉलेजच्या फाइन आर्ट्स फेअरसाठी लाकूड, मणी, चामडं जोडून खेळणी करायचे. आजोबा तुला हात धरून त्या फेअरला न्यायचे, हे तूच मला किती वेळा सांगितलंयस. मावशी त्या कॉलेजात शिकली नाही. पण त्या गावात वाढलेल्या माणसाला लाकडाशेजारी चामडं आणि कापडाशेजारी कागद ठेवायला परवानगी लागत नाही, असं मला तिथे फिरताना वाटलं.

आता मावशीचं काम. जाड खादी, चहाच्या पाण्यात रंगवलेली, तीन फूट बाय दोन. मधोमध आजीच्या हिरव्या इरकलीचा वीतभर तुकडा. घडीवर विरून जिथे चीर गेली होती, नेमका तोच. ती चीर तिनं बुजवली नाही. दोन्ही काठांना लाल दोऱ्यानं बारीक धावदोरा घालून ती उघडी ठेवलीय, डोळा किलकिला असावा तशी. आणि त्या फटीतून खाली आजोबांच्या घरखर्चाच्या वहीचं पान दिसतं. सगळं पान दिसत नाही, एकच ओळ दिसते. आजोबांचं ते उजवीकडे झुकलेलं अक्षर, निळी शाई जरा फिकटलेली:

"थोरलीस रंगपेटी. १ रु. २५ न. पै."

मी ती ओळ दोनदा वाचली, मग मला तिथे उभं राहवेना. वही १९६२ची आहे. तू नऊ वर्षांची. तुझ्याकडे कधी रंगपेटी होती हे मला माहीतच नव्हतं गं.

लुगड्याला फेविकॉलचा थेंबही लावलेला नाही. मावशी म्हणाली, "गोंदानं कापड कडक होतं, पिवळं पडतं, आणि मग सुटत नाही. टाका कधीही उसवता येतो." वहीचं पानसुद्धा चिकटवलेलं नाही, जुन्या अल्बमात फोटो बसवायचे तसे कागदी कोपरे करून त्यात अडकवलंय. उद्या तू म्हणालीस तर दोन्ही होती तशी बाहेर निघतील. आणि इरकलीचा तो खास टोप-पदर अख्खा आहे. लाल-पांढरा, एक सूत निघालेलं नाही. मलमलीत गुंडाळून ठेवलाय, मी स्वतः मांडीवर घेऊन पाहिला.

तुला का नाही विचारलं, असं मी तिला सरळच म्हटलं. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "ताई नको म्हणाली असती आणि ते कपाटात आणखी विरलं असतं. पण चुकलंच माझं." तिनं विचारायला हवं होतं, यात तुझं बरोबरच आहे आणि मी तिला तसं सांगितलं. पण आजीची आठवण तिनं फाडली, असं मात्र मी आता म्हणणार नाही.

शेवटच्या दिवशी एका बाईंनी किंमत विचारली. मावशी म्हणाली, "हे विकायचं नाही, ताईचं आहे."

होळीला दादा बडोद्याला जाणार आहे, तो चित्र आणि पदर दोन्ही घेऊन साताऱ्याला येईल. पुढच्या खोलीत खिडकीसमोर लावू नकोस, उन्हानं हिरवा रंग उडेल आणि शाईही जाईल. देवघराशेजारची भिंत बरी.

गुडघ्याचे व्यायाम चुकवू नकोस. बाबांना नमस्कार. आणि मावशीला फोन कर. दुपारी तीननंतर कर, तेव्हा ती घरी एकटी असते.

तुझी लेक