अंड्यासारखी कक्षा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

शाळांना डिजिटल वर्ग मिळाल्याच्या बातम्या फोटोसह छापून येतात. बावीस वर्षं विज्ञान शिकवतोय, त्यामुळे त्या पडद्याचं मला कौतुकच आहे. हृदयाच्या झडपा काही खडूने उघडता-मिटता येत नाहीत. पण पडद्यावर काय दाखवलं जातं, हे तपासतं कोण?

आमच्या शाळेच्या संचातली ऋतूंची चित्रफीत घ्या. पृथ्वीची कक्षा चक्क अंड्यासारखी लांबुळकी! ती तिरकस बाजूने पाहिल्यामुळे तशी दिसते, याबद्दल अवाक्षर नाही. फीत संपल्यावर विचारलं, उन्हाळा का येतो? भराभर हात वर आणि उत्तर एकच, "पृथ्वी सूर्याच्या जवळ येते." नुसतं पुस्तक वाचून चूक एवढी पक्की बसली नसती.

जवळ येते ती जानेवारीच्या सुरुवातीला, ऐन थंडीत. तेव्हा अंतर सुमारे १४.७ कोटी किलोमीटर, तर जुलैच्या सुरुवातीला १५.२ कोटी. फळ्यावर मीटरभर रुंद कक्षा काढली तर तिच्या लांबी-रुंदीत अर्ध्या मिलिमीटरचाही फरक पडत नाही, सूर्य तेवढा मध्यापासून ८ मिलिमीटर सरकतो. हे सांगितलं तर मागच्या बाकावरून आवाज आला, "म्हणूनच जुलैत गार असतं ना, सर!"

आता याला काय म्हणावं? आपला पाऊस आडवा आला. शेवटी कामी आलं क्रिकेट. मेलबर्नला २६ डिसेंबरला सुरू होणारी कसोटी सगळ्यांनी टीव्हीवर पाहिलेली, प्रेक्षक टोप्या घालून उन्हात. पृथ्वी तीच, सूर्यही तेवढाच लांब, मग आपण स्वेटरमध्ये का? तिथून २३.५ अंश कललेल्या अक्षापर्यंत पोरं आपणच पोचली. मग चौकटीच्या वहीवर बॅटरी आधी सरळ, मग तिरकी धरली. तिरक्या उजेडाने जास्त चौकटी व्यापल्या आणि तो फिका पडला. चौकटी मुलींनी मोजल्या, दोनदा.

नंतर तीच फीत पुन्हा लावली आणि म्हटलं, हिच्यातली चूक शोधा. इतका रंगलेला तास मी क्वचितच घेतला असेल.

फिती बनवणाऱ्यांकडे आणि त्या मंजूर करणाऱ्यांकडे मागणं फार नाही. 'आकृती प्रमाणात नाही' एवढी पट्टी खाली द्यावी आणि पुढे काय होईल हे मुलांना विचारायला मध्ये दोन-तीन थांबे ठेवावेत. तूर्तास तशी चिठ्ठी मीच पडद्याच्या कोपऱ्यात चिकटपट्टीने लावतो. पंखा लागला की ती पडते.

आपला,
एक विज्ञान शिक्षक, जि. सातारा