पडद्यावर ठेवलेला तुमचा तळहात

आदरणीय काका,

सा. न. वि. वि.

तुमचे नाव कुठे छापून यावे हे तुम्हाला आवडणार नाही, म्हणून ते लिहीत नाही. पण आभार मात्र चारचौघांत मानल्यावाचून राहवत नाही.

पणजीला मांडवीतल्या कॅसिनोच्या बोटीवरून त्या रात्री आपण एकाच फेरीने धक्क्यावर परतलो. सहा महिन्यांची शिल्लक पोकरच्या टेबलावर घालवून मी कठड्याशी उभा होतो. तुम्ही त्याच टेबलावर माझ्यासमोर बसला होता. जवळ येऊन तुम्ही विचारले, "खेळ शिकलास कुठे?" मी म्हटले, मोठ्या खेळाडूंचे सामने रोज रात्री बघतो. "बघतोस ते बरोबर आहे. पण त्यांचे पत्ते दिसत असताना बघतोस, होय ना?" या प्रश्नाचा अर्थ मला पुढच्या रविवारी, फोंड्याला तुमच्या घरी कळला.

त्याआधी मी एका शिकवणीला चांगली घसघशीत फी भरली होती. तिथे गाजलेल्या ब्लफच्या, म्हणजे हातात काही नसताना मारलेल्या थापांच्या, चित्रफिती दाखवत आणि शंका विचारली की "अनुभवाने कळेल" असे सांगत. मी हरू लागलो तेव्हा तिथून निरोप आला तो पुढच्या वर्गाची फी भरण्याचा. माझे नेमके काय चुकते आहे, हे तिथल्या एकानेही विचारले नाही, आणि त्याचा राग अजून माझ्या मनातून गेलेला नाही.

तुम्ही २००३ सालच्या जागतिक स्पर्धेची अखेरची लढत लावलीत. ८३९ खेळाडूंमधून उरलेले दोघे: टेनेसीचा हिशेबनीस ख्रिस मनीमेकर आणि कसलेला व्यावसायिक सॅमी फरहा. तो डाव मी वीसेक वेळा पाहिला होता आणि दर वेळी फरहाची कीव केली होती. मनीमेकरच्या हाती बादशहा आणि सत्ती, म्हणजे जुळलेले काहीच नाही. फरहाची टेबलावरच्या पत्त्याशी नव्वीची जोडी जुळलेली, आणि तरीही तो पत्ते टाकतो, म्हणजे डाव सोडून देतो. तुम्ही चित्र थांबवलेत, मनीमेकरचे पत्ते दिसत होते त्या जागी पडद्यावर तळहात ठेवलात आणि म्हणालात, "आता तू फरहा. बोल."

टेबलावर दोघांसाठी सामाईक असे पाच पत्ते उघडे होते: इस्पिकची नव्वी, छक्की आणि अठ्ठी, सोबत चौकटची दुर्री आणि बदामची तिर्री. समोरच्याने आधीच्या पत्त्यावर रक्कम वाढवलेली आणि आता सगळ्या चिप्स पुढे सारलेल्या. मी बराच वेळ गप्प बसलो आणि शेवटी पत्ते टाकले. ज्याला मी वर्षभर मूर्ख ठरवत होतो, त्याच्या खुर्चीत बसल्यावर मीही तेच केले. तुम्ही हसला नाहीत की "बघ, सांगितले नव्हते?" असेही म्हणाला नाहीत. हात तसाच ठेवून तुम्ही फक्त विचारलेत, "का टाकलेस?" काका, पोकरबद्दल मला आजवर कोणी विचारलेला हा पहिला खरा प्रश्न होता.

पुढच्या रविवारांबद्दल फार लिहीत नाही. कापून सांधलेल्या कार्यक्रमांत फक्त थरारक डाव उरतात, हे तुम्ही दाखवून दिलेत. मग सलग चालणारा सामना लावून एकाच खेळाडूवर नजर ठेवायला आणि त्याने टाकलेला प्रत्येक डाव वहीत मांडायला लावलेत. दोन तासांत पान भरले, आणि तो जिंकलेले डाव एका हाताच्या बोटांवर मोजण्याइतके निघाले. पैशांऐवजी आपण चिंचोके लावत होतो. मध्ये हजार असताना समोरच्याने पाचशे लावले, तर दीड हजारांसाठी पाचशे द्यायचे, म्हणजे चारांत एकदा तरी जिंकायला हवे. फ्लशला, म्हणजे एकाच चिन्हाच्या पाच पत्त्यांना, एक पत्ता कमी असेल आणि शेवटचाच पत्ता यायचा असेल तर न दिसलेल्या ४६ पत्त्यांत आपल्या कामाचे ९, म्हणजे पाचांत एकदाही पुरते नाही; तेव्हा डाव सोडायचा. हे गणित पुस्तकात मिळतेच, पण ते हातात मुरेपर्यंत समोर बसून राहणारे माणूस पुस्तकात मिळत नाही.

फीचा विषय काढला तेव्हा तुम्ही काकूंना चहा टाकायला सांगितलेत. टेबलावर माझ्यासारखा कच्चा खेळाडू बसणे तुमच्या फायद्याचेच होते, आणि तरीही तुम्ही मला सावध केलेत. जाणत्या माणसाने नवख्याला लुबाडण्याऐवजी समोर बसवून शिकवावे, असा चांगुलपणा अजून शिल्लक आहे हे मी तुमच्या ओसरीवर पाहिले. शिल्लक भरून निघेपर्यंत पैसे लावून खेळणार नाही, हा तुम्ही घेतलेला शब्दही मी पाळतो आहे.

एक डाव मात्र तुम्हालाच सांगायचा आहे. परवा मित्रांसोबत चिंचोक्यांवर खेळताना माझ्या हाती बदामचे दोन पत्ते होते, टेबलावर आणखी दोन, आणि एकच पत्ता यायचा बाकी होता. मध्ये साठ चिंचोके होते, समोरच्याने तीस लावले. त्या तिसांपलीकडे दोघांकडेही लावायला काही उरले नव्हते. मी मोजले आणि पत्ते टाकले. शेवटचा पत्ता बदामचाच निघाला. सगळे हळहळले, पण मला त्या क्षणी फक्त तुम्हाला फोन करावासा वाटला.

तुमचा ऋणी,
सावंतवाडीचा तुमचा विद्यार्थी