हो, क्लिपमधली ती मीच

बॉस्टन,
रविवार, १२ जानेवारी २०२५

तीर्थरूप आई-बाबांना साष्टांग नमस्कार. छोटूला आशीर्वाद, आवडत नसले तरी.

शुक्रवारी फोनवर बोलणं झालंच नाही. एकीकडून आई, दुसरीकडून आत्या, मागे मागांचा खडखडाट, आणि सगळ्यांच्या वर छोटूचं "ताई व्हायरल, ताई व्हायरल". म्हणून सावकाश लिहितेय. छोटू, याची प्रिंट काढून बाबांना दे, मोबाइलवर वाचायला लावू नकोस. आणि वाचून दाखवणार असशील तर मधलं काही गाळायचं नाही.

आधी आईसाठी. मी बरी आहे. जेवते. थंडी शून्याच्या खाली गेलीय, पण रात्री दोन चादरी घेते, एक आपली आणि एक इथली. इथली नुसती जाड आहे, ऊब आपलीच देते. शेंगदाण्याची चटणी अजून अर्धा डबा आहे. कडक भाकरी संपल्या, त्याचं काय ते पुढच्या महिन्यात बघू.

आता ती व्हायरल झालेली क्लिप, पोलीस एका माणसाची झडती घेतात ती. हो, त्यातली मरून शाल घेतलेली, फोन धरून उभी असलेली ती मीच. आई, तू मला शालीवरून ओळखलंस म्हणे, चेहरा तर दिसतही नाही. क्लिप माझी नाही, शेजारी उभ्या असलेल्या कुणाची तरी आहे. मी त्यात नुसती उभी आहे, त्यात भांडण नाही, आरडाओरडा नाही. दोन पोलिसांनी एका म्हाताऱ्या माणसाला फुटपाथच्या कडेला बसवलं, त्याची पिशवी बघितली, दहा मिनिटांनी सोडून दिलं. तो उठला, टोपी सारखी केली आणि मेट्रोच्या स्टेशनात गेला. संपलं. एवढ्यासाठी तू तीन रात्री झोपली नाहीस असं आत्या म्हणाली, तर मला काय वाटलं असेल?

"परक्या मुलखात पोलिसांचा नाद कशाला करालीस?" हे तुझं वाक्य कानात आहे. नाद केला नाही गं. इथली ती रीतच आहे, आणि ती मला स्वतःला कळायला वर्ष लागलं, म्हणून जरा लांबण लावून सांगते.

आपल्याकडे चौकात पोलिसाने कुणाला धरलं की काय होतं? मिनिटात वीस माणसं जमतात. त्यातली पाच जण मध्ये पडतात. "जाऊ द्या हो साहेब, पोरगं आहे." "साहेब, चुकलं त्याचं." एखादे काका त्या पोरालाच एक टपली मारतात, म्हणजे साहेबांचा राग उतरावा. कुणीतरी चहा सांगतो. इथे तसं काही नाही. इथेही माणसं थांबतात, पण आठ-दहा पावलं लांब. एकही शब्द बोलत नाहीत. खिशातून फोन काढतात, छातीच्या उंचीवर धरतात आणि नुसते उभे राहतात. पोलीस बघतो की पाच जण आपलं शूटिंग करतायत, आणि आपलं काम करत राहतो. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं, काय दगडाची माणसं आहेत! एक जण धरला गेलाय आणि हे सिनेमा काढतायत. कुणी मध्ये का पडत नाही?

मग माझ्या ऑफिसातल्या एका बाईंनी सांगितलं की मध्ये पडणं हाच इथे गुन्हा ठरू शकतो, बघणं नाही. उभं राहायचं, अंतर ठेवायचं, पोलिसाने "मागे सरका" म्हटलं तर सरकायचं, पण फोन खाली करायचा नाही. लपूनही काढायचं नाही, दिसेल असा धरायचा. म्हणजे पोलिसालाही कळतं की कुणीतरी साक्षीला आहे. ती साक्षच. त्यांच्या दृष्टीने ते मध्ये पडणंच आहे, फक्त तोंड न उघडता.

आणि हे ज्या बागेजवळ घडलं ना, बॉस्टन कॉमन, त्याच बागेतून हा कायदा निघाला. २००७ साली सायमन ग्लिक नावाचा एक वकील तिथून चालला होता. पोलीस एका तरुणाला धरत होते, जोर जरा जास्त होतोय असं त्याला वाटलं, म्हणून त्याने दहाएक फुटांवरून मोबाइलवर शूटिंग केलं. पोलिसांनी विचारलं, आवाजही रेकॉर्ड होतोय का? तो हो म्हणाला. झालं, त्यालाच बेड्या. चोरून आवाज रेकॉर्ड केल्याचं कलम लावलं. फोन सगळ्यांसमोर धरलेला, आणि म्हणे चोरून! ते आरोप कोर्टात टिकले नाहीत. मग त्याने उलट पोलिसांवरच दावा लावला. २०११ मध्ये वरच्या फेडरल कोर्टाने सांगितलं की सार्वजनिक जागी काम करणाऱ्या पोलिसाचं चित्रण करणं हा नागरिकाचा हक्क आहे. पुढच्या वर्षी शहराने त्याला १,७०,००० डॉलर देऊन प्रकरण मिटवलं. बाबा, याचे रुपये करू नका, झोप लागणार नाही.

तरी सगळीकडे हे असंच गुळगुळीत आहे असं नाही. इथल्या सर्वोच्च न्यायालयाने यावर स्वतः अजून निकाल दिलेला नाही, खालच्या मोठ्या कोर्टांनी एकेक करून दिलेत. काही राज्यं अंतराचे नियम काढतात. ॲरिझोनाने २०२२ मध्ये आठ फुटांचा काढला, तो कोर्टात टिकला नाही. लुईझियानाने २०२४ मध्ये पंचवीस फुटांचा काढला. पंचवीस फुटांवरून काय दिसणार? कपाळ? पण आई, हे सगळं मी तिकडचं सांगतेय. मी तिकडे राहत नाही.

तुझा दुसरा प्रश्न, फोन काढून घेतला तर? घेऊ शकतात, पण आतलं बघायला न्यायाधीशाचं वॉरंट लागतं. हा २०१४ चा निकाल आहे, आणि तो सर्वोच्च न्यायालयाचाच आहे. तिसरा, व्हिसाचा. इथे मात्र तुझं खरं आहे. व्हिसावरच्या माणसाने जपूनच राहावं, हे मलाही कळतं. म्हणून तर सगळ्यांच्या मागे उभी होते. क्लिप नीट बघ, माझा हात थरथरतोय. थंडी होती, पण नुसती थंडी नव्हती.

मग उभी तरी का राहिले, असं बाबा विचारतील. मिनियापोलिसचं जॉर्ज फ्लॉइड प्रकरण आठवतं ना, २०२० चं, लॉकडाऊनमधलं? आपण जेवताना टीव्हीवर पाहिलं होतं आणि तू चॅनल बदलायला लावलंस. तो व्हिडिओ सतरा वर्षांच्या मुलीने काढला होता, डार्नेला फ्रेझियर. नात्यातल्या छोट्या बहिणीला घेऊन दुकानात चालली होती. पोलिसांनी पहिलं जे पत्रक काढलं त्यात मानेवर दाबलेल्या गुडघ्याचा उल्लेखच नव्हता, झटापटीनंतर माणसाची तब्येत बिघडली आणि तो दवाखान्यात वारला, एवढंच. तिचा फोन नसता तर तेच खरं ठरलं असतं. ती मध्ये पडली नाही, ढकलाढकली केली नाही, फक्त हात खाली केला नाही.

आज १२ जानेवारी. सोलापुरात चार हुतात्म्यांच्या पुतळ्यांना सकाळीच हार घातले असतील. आजोबा दरवर्षी आम्हाला घेऊन जायचे आणि चौघांची नावं एका दमात म्हणायला लावायचे: मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे, किसन सारडा. एकाचं चुकलं तर पुन्हा पहिल्यापासून. १९३० च्या मार्शल लॉमध्ये डोक्यावर गांधी टोपी दिसली तरी लोकांना धरायचे, हे त्यांनी त्यांच्या वडिलांकडून ऐकलेलं. पोलिसांच्या खुनाचा आळ, येरवड्यात फाशी, १९३१. लहानपणी मी विचारलं होतं, पण कुणी पाहिलं होतं का? आजोबा म्हणाले, "पाहिलं त्यानं काय सांगावं हे कोण ठरवतं, ते विचार." तेव्हा समजलं नव्हतं.

सिद्धेश्वरांची यात्राही सुरू झाली असेल. अक्षता सोहळ्याला या वेळी आई गेलीस तर सातही नंदीध्वज दिसतील असा फोटो पाठव. गड्ड्याच्या जत्रेतून माझ्यासाठी काही घेऊ नकोस, पाठवायला दुप्पट पडतं.

आता छोटूचं. गाळायचं नाही म्हटलं ते यासाठी. गणपती विसर्जनाच्या रात्री तू त्या हवालदाराचं शूटिंग केलंस, तो हातगाडीवाल्या पोराला काठीने मारत होता तेव्हा. तुझा फोन काढून घेतला, "३५३ लावतो, नोकरी विसर" म्हणाले (सरकारी नोकरावरच्या हल्ल्याचं कलम), आणि बाबा रात्री एक वाजेपर्यंत ठाण्यातल्या बाकड्यावर बसून होते. इथे माझी दुपार होती, लंच अवर. तू फोन केलास तेव्हा मी काय म्हणाले? "डिलीट कर, माफी माग आणि घरी जा." किती शहाण्यासारखं म्हणाले. सांगून झाल्यावर सॅलड खाल्लं.

नंतर मी इथल्या वकील मैत्रिणीकडून नाही, आपल्याच कोर्टाचं वाचलं. ३५३ आता राहिलेलं नाही, जुलैपासून नव्या संहितेत ते १३२ झालंय, धमकी मात्र अजून जुन्याच नंबरची. आणि त्या कलमाला हल्ला किंवा बळाचा वापर लागतो. फोन धरणं म्हणजे बळ नाही. पोलीस ठाण्याच्या आतलं शूटिंगसुद्धा, वर्ध्याच्या एका प्रकरणात गोपनीयतेचा १९२३ चा कायदा लावला होता, तर नागपूर खंडपीठाने २०२२ मध्ये सांगितलं की त्या कायद्यातल्या निषिद्ध ठिकाणांत पोलीस ठाणं येतच नाही, आणि गुन्हा रद्द केला. हे मी त्या दुपारी शोधू शकले असते. पाच मिनिटांचं काम होतं. बाबा, २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रत्येक ठाण्यात कॅमेरे लावायला सांगितलेत, आवाजासकट. म्हणजे कॅमेरा चालू असेल तर तुम्ही हात जोडून बसलात तेही तिथे रेकॉर्ड झालं असेल. ते त्यांच्याकडे राहिलं. आपल्याकडचं आपण पुसलं.

तू पुन्हा जाऊन वाद घाल असं मी म्हणत नाहीये. अजिबात नाही. इथून बोलणं सोपं आहे हे मला कळतं. कायदा खिशात असला तरी रात्री एक वाजता बाकड्यावर तो काढून दाखवता येतोच असं नाही. फक्त तेव्हा मी चुकले एवढं लिहायचं होतं, ते फोनवर जमत नव्हतं.

आता पैशांचं. शिक्षणकर्जाचा हप्ता ५ तारखेला भरला. घरी या महिन्यात साठऐवजी चाळीस हजार पाठवलेत, भाडं वाढलंय. मागाच्या दुरुस्तीला अजून लागत असतील तर बाबा, सावकाराकडे जाऊ नका, मला सांगा, मार्चमध्ये करते काहीतरी. टॉवेलची ऑर्डर अडकली असं आत्याकडून कळलं, तुमच्याकडून नाही. मला का लपवता?

एप्रिलमध्ये आत्याच्या लेकीच्या लग्नाला येणं जमणार नाही. मार्चमध्ये व्हिसाची सोडत असते, नंबर लागला नाही तर सगळंच बदलेल, लागला तरी लगेच निघता येणार नाही. आत्याला तूच सांग, आई. माझ्याकडून ऐकलं तर ती रडेल आणि मीही. साडीचे पैसे वेगळे पाठवते.

आणि पंढरपूरचं स्थळ. क्लिपचं मूळ दुखणं तेच आहे ना? मुलाचे वडील निवृत्त फौजदार, आणि त्यांनी ही पाहिली तर काय म्हणतील! आई, पाहू दे. लपवू नकोस, तूच पाठव. म्हणजे लग्नानंतर कुणी विचारायला नको. बायोडाट्यातला तो स्टुडिओतला फोटो तरी मला माझा वाटत नाही, या शालीतली मी बरी आहे. मुलाशी मी एकदा बोलेन, पण व्हिडिओ कॉलवर दोन्हीकडच्या मामांनी बसायचं नाही. वय सत्तावीस झालं हे मला माहीत आहे, दर फोनला सांगायची गरज नाही. रागावून नाही लिहीत.

गुडघ्याला तेल लावतेस का? बाबांची बीपीची गोळी सकाळी की रात्री, डॉक्टरांनी काय सांगितलं?

तुमची,
चिमी

ता. क. छोटू, हे शेवटचं तू आधी एकट्याने वाच. इथल्या एका मुलीचे बाबा फेब्रुवारीत पुण्याला परत जातायत, त्यांच्याबरोबर तुझ्यासाठी फोन पाठवतेय. जुन्याची काच त्या रात्रीच फुटली ना, तू पडला म्हणालास. आणि दुसरं, तो व्हिडिओ तू डिलीट केलास, पण फोन काढून घेण्याआधी मला पाठवला होतास. तो माझ्याकडे आहे. सत्तेचाळीस सेकंदांचा. डॉल्बीच्या आवाजात बाकी काही ऐकू येत नाही, पण शेवटी कुणीतरी "जाऊ द्या हो साहेब, लेकरू आहे" म्हणतं आणि काठी थांबते. तो आवाज बाबांचा आहे. तुला माहीत होतं का? त्यांना पाठवू की नको, विचारून सांग.