सुपरसॉलिड : दुरुस्तीही छापा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या विज्ञान पुरवणीतला सुपरफ्लुइडवरचा, म्हणजे जवळजवळ घर्षणाविना वाहणाऱ्या द्रवावरचा लेख वाचला. मजकूर बरा होता, पण 'घन हेलियममध्ये २००४ साली सुपरसॉलिड सापडला' या वाक्यापाशी अडखळलो. सुपरसॉलिड म्हणजे घन असूनही तसाच वाहणारा पदार्थ. द्रव हेलियम हाताळण्यात नोकरीची तेवीस वर्षं गेली, त्यामुळे गप्प बसवेना.

सुपरफ्लुइड म्हणजे काय ते मी फ्लास्कच्या फटीतून पाहिलं आहे. थर्मॉससारख्या काचेच्या ड्यूअर फ्लास्कच्या मुलाम्यात एक उभी पट्टी कोरी ठेवतात, तिच्यातून आत डोकवायचं. पंप वरची वाफ ओढत असतो, हेलियम गार होत जातं आणि सारखं खदखदत राहतं. तापमान २.१७ केल्विनखाली उतरलं की खदखद एकदम बंद! एक बुडबुडा नाही. नवा विद्यार्थी हमखास विचारायचा, 'काका, पंप बंद पडला का?' पंप चालूच असतो. उष्णता आता इतक्या झपाट्याने पसरते की बुडबुडा धरायला जास्त गरम अशी जागाच उरत नाही. वाफ होते ती फक्त पृष्ठभागावरून.

१९३८ मध्ये कापित्सा आणि ॲलन-मिसेनर यांनी या द्रवाचं जवळजवळ घर्षणाविना वाहणं 'नेचर'मधून मांडलं, ते सर्वांना ठाऊक आहे. घन हेलियमची गोष्ट मात्र अर्धीच सांगितली जाते.

२००४ मध्ये किम आणि मोझेस चॅन यांनी घन हेलियम भरलेली डबी पीळ बसणाऱ्या दांडीवर डोलवली. साधारण ०.२ केल्विनखाली डोलणं किंचित जलद झालं. त्यांनी अर्थ लावला, काही हेलियम डबीबरोबर हलतच नाही. घन असून ते वाहतं. २००७ मध्ये डे आणि बीमिश यांनी दाखवलं की त्याच तापमानाच्या सुमाराला घन हेलियम ताठर होतं. ताठरपणानेही डोलणं जलद होऊ शकतं. मग चॅन यांनीच जास्त मजबूत डबी घडवून प्रयोग पुन्हा केला आणि २०१२ मध्ये सुपरसॉलिडची खूण दिसत नसल्याचं जाहीर केलं. आठ वर्षं गाजलेला आपलाच निष्कर्ष! आमच्याकडे नोंदवहीतला चुकलेला आकडा खोडतानाही लोक आधी इकडेतिकडे बघत.

सुपरसॉलिड पुढे खरोखर सापडला, पण २०१९ मध्ये आणि हेलियमबाहेर : डिस्प्रोशियम आणि अर्बियम या धातूंच्या अणूंच्या अतिथंड वायूत, इटली, जर्मनी आणि ऑस्ट्रियातल्या तीन गटांना. २०२४ मध्ये इन्सब्रुकच्या गटाने त्यात भोवरेही दाखवले. सुपरफ्लुइड ढवळला तर तो बादलीतल्या पाण्यासारखा सबंध फिरत नाही, त्यात ठरावीक मापाचे बारीक भोवरे पडतात. म्हणून भोवऱ्यांचा पुरावा मला डोलणाऱ्या डबीपेक्षा वजनदार वाटतो.

चुका या विषयाला नव्या नाहीत. हेलियम-३ या हेलियमच्या हलक्या प्रकारातला सुपरफ्लुइड होण्याचा बदल १९७२ मध्ये अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात दिसला, तेव्हा तो घनातला आहे असं आधी छापून आलं. नंतर कळलं, तो द्रवातला होता. त्याच कामाला १९९६ चं नोबेल मिळालं.

तेव्हा पुढच्या पुरवणीत दुरुस्तीची चौकट द्यावी. लहान चालेल, पण त्यात २०१२ हे साल असू द्या.

आपला,
एक निवृत्त प्रयोगशाळा साहाय्यक