‘एमपीपीटी’ म्हणून विकलेला सोलर चार्ज कंट्रोलर पीडब्ल्यूएम निघाल्याबाबत तक्रार

दिनांक : ९ जून २०२५

प्रति,
मा. तक्रार निवारण अधिकारी,
ग्राहक सेवा विभाग

विषय : ४० अँपिअरच्या सोलर चार्ज कंट्रोलरचे पैसे परत मिळण्याबाबत आणि खोक्यावरील खोटा मजकूर काढण्याबाबत.

महोदय,

मी कणकवली तालुक्यात सुतारकाम करतो. एप्रिल महिन्यात मी आपल्या कंपनीचा ४० अँपिअरचा सोलर चार्ज कंट्रोलर, म्हणजे सौर पॅनलची वीज बॅटरीत भरणारे यंत्र, रु. ३,२०० भरून ऑनलाइन मागवला. खोक्यावर, विक्रीच्या पानावर आणि खुद्द कंट्रोलरच्या तोंडावर ‘एमपीपीटी’ असे ठळक छापलेले आहे. एमपीपीटी म्हणजे पॅनलची जास्तीत जास्त शक्ती बॅटरीला देणारा महाग प्रकार. प्रत्यक्षात आतले यंत्र एमपीपीटी नसून साधे पीडब्ल्यूएम, म्हणजे पॅनल थेट बॅटरीला जोडणारा स्वस्त प्रकार आहे. हे मी आपल्या ग्राहक सेवेला फोनवर सांगितले, मोजमापांचे फोटो पाठवले. त्यावर ‘जोडणी घरगुती असल्यामुळे वॉरंटी लागू होत नाही’ असे उत्तर देऊन माझी तक्रार बंद करण्यात आली. हे उत्तर मला मान्य नाही, म्हणून लेखी कळवत आहे.

आमच्याकडे एप्रिल-मे हा शाकारणीचा हंगाम. कुजलेले वासे काढायचे, नव्या रिपा मारायच्या, कौले परत चढवायची, आणि हे सगळे पावसाआधी उरकायचे. कामे बहुतेक आडवाटेच्या वाड्यांवर असतात. कुठे नव्या घराला मीटर बसलेला नसतो, कुठे वळवाच्या वादळात तारेवर झाड पडून दोन-दोन दिवस लाइट नसते. म्हणून मी आणि माझ्याबरोबरची मुले कॉर्डलेस हत्यारे वापरतो : ड्रिल, इम्पॅक्ट ड्रायव्हर, छोटा कटर, सगळी १८ व्होल्टची. त्यांच्या बॅटऱ्या भरायला आजवर पेट्रोलचा जनरेटर न्यावा लागे. त्याचा खर्च आणि धूर दोन्ही नकोसे झाले, म्हणून यंदा टेम्पोवरच सौर चार्जिंगची सोय करायची ठरवली.

ही जोडणी ‘घरगुती’ आहे हे खरे. पण घरगुती म्हणजे कशीबशी केलेली, असा आपला समज दिसतो, म्हणून ती कशी आहे ते सांगतो. हौद्यावर अँगलचा सांगाडा वेल्ड करून त्यावर ३३५ वॅटचे, ७२ सेलचे पॅनल बसवले आहे. खाली १२ व्होल्ट, १५० एएचची (अँपिअर-तासांची) ट्यूब्युलर बॅटरी आहे. पॅनल आणि कंट्रोलरच्या मध्ये डीसीचा एमसीबी (करंट वाढला की आपोआप पडणारा स्विच), बॅटरीच्या पॉझिटिव्हला लगेच फ्यूज, कंट्रोलर ते बॅटरी १० चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर, तीही हातभरच लांब. बॅटरीवर प्युअर साइन वेव्ह इन्व्हर्टर आणि त्याच्या २३० व्होल्टवर हत्यारांच्या कंपनीचेच मूळ चार्जर. हत्यारांच्या बॅटऱ्यांना मी कुठेही हात लावलेला नाही. १८ व्होल्टच्या त्या बॅटरीत लिथियमचे पाच सेल एकापुढे एक असतात, पूर्ण भरल्यावर २१ व्होल्ट होतात, आणि कुठे थांबायचे, तापमान किती झाले, हे पाहायचे काम चार्जर करतो. इन्व्हर्टरमध्ये थोडी वीज वाया गेली तरी चालेल, पण लिथियमला पॅनलवरून थेट भरायचे नाही, हे मी पहिल्यापासून ठरवले होते. माझ्या टेम्पोत माणसे बसतात.

आता मूळ मुद्दा. माझ्या पॅनलच्या मागच्या लेबलवर कमाल शक्तीचे आकडे आहेत ३८ व्होल्ट आणि ८.८ अँपिअर. १२ व्होल्टची बॅटरी भरताना १३-१४ व्होल्टवर असते. पीडब्ल्यूएम कंट्रोलर पॅनल थेट बॅटरीला जोडतो, त्यामुळे पॅनललाही बॅटरीच्याच व्होल्टेजवर यावे लागते. करंट तेवढाच राहतो, वरचे व्होल्ट फुकट जातात. एमपीपीटी कंट्रोलर पॅनलला त्याच्या योग्य व्होल्टेजवर ठेवतो, आत व्होल्टेज उतरवतो आणि त्या बदल्यात बॅटरीला जास्त करंट देतो. म्हणून तर त्याची किंमत जास्त. पीडब्ल्यूएमच घ्यायचा असता तर मी ३६ सेलचे पॅनल घेतले असते आणि कंट्रोलर याच्या निम्म्याहून कमी पैशांत मिळाला असता. ७२ सेलचे पॅनल मी घेतले ते आपल्या खोक्यावर ‘एमपीपीटी, पॅनल इनपुट कमाल ५० व्होल्ट’ असे वाचून. कंट्रोलरवरचा शब्द बघून माणूस पॅनल ठरवतो. तो शब्द खोटा निघाला की नुसता कंट्रोलर नाही, सगळी जोडणी चुकते.

मे महिन्याच्या सुरुवातीला, निरभ्र आकाश असताना, भर दुपारी मी डीसी क्लॅम्प मीटरने, म्हणजे वायरीभोवती पकडून करंट मोजणाऱ्या मीटरने, मोजणी केली. बॅटरी निम्मी उतरलेली होती, म्हणजे ‘बॅटरी भरलेली असल्यामुळे करंट कमी’ हे कारणही उरत नाही. पॅनल सुटे असताना ४१ व्होल्ट दाखवत होते. लेबलवर ४६ आहेत, पण उन्हात तापलेले पॅनल एवढे उतरतेच, त्याबद्दल तक्रार नाही. आपला कंट्रोलर जोडल्याबरोबर पॅनलचे व्होल्टेज १३.६ वर आले. पॅनलकडून येणारा करंट ८.६ अँपिअर, बॅटरीकडे जाणारा ८.५. आत येतो तेवढाच बाहेर जातो. एवढ्यावरच हा पीडब्ल्यूएम आहे हे सिद्ध होते. ३३५ वॅटच्या पॅनलमधून बॅटरीला जेमतेम ११४ वॅट पोचत होते.

तरीही आपल्यावर अन्याय नको म्हणून मी आयटीआयमध्ये शिकवणाऱ्या एका मित्राकडून खरा एमपीपीटी कंट्रोलर मागून आणला. तेच पॅनल, तीच बॅटरी, त्याच वायरी, तीच दुपार. पॅनल ३२ व्होल्टवर स्थिर झाले, ८.२ अँपिअर देऊ लागले, आणि बॅटरीकडे १९ अँपिअर जाऊ लागले. म्हणजे साधारण २५५ वॅट, दुपटीहून जास्त. माझ्या जोडणीत दोष असता तर तो या कंट्रोलरलाही आडवा आला असता.

आपण वॉरंटी नाकारल्यानंतर मी कंट्रोलर उघडला. एमपीपीटीत व्होल्टेज उतरवायला तांब्याच्या तारेची जाड गुंडाळी, म्हणजे इंडक्टर, असावाच लागतो. आपल्या बोर्डवर तो नाही, आणि त्यासाठी सोडलेली जागाही नाही. काही मॉस्फेट (करंट चालू-बंद करणारे इलेक्ट्रॉनिक स्विच), एक छोटा कंट्रोलर चिप, डिस्प्ले आणि बाकी रिकामी पेटी. वरून वजन आणि आकार मोठा दिसावा म्हणून ॲल्युमिनियमचा भला थोरला हीटसिंक (उष्णता बाहेर टाकणारा भाग) लावलेला, पण त्यातला बराचसा भाग कशालाच टेकलेला नाही. याहून गंभीर गोष्ट म्हणजे पॅनलच्या टर्मिनलवर जो कपॅसिटर आहे त्याच्या अंगावर ‘३५ व्होल्ट’ छापले आहे, म्हणजे त्याहून जास्त व्होल्टेज त्याला चालत नाही. खोक्यावर तुम्ही ५० व्होल्टपर्यंत पॅनल चालेल असे सांगता. बॅटरी भरली आणि कंट्रोलरने पॅनल तोडले की तेच ४१ व्होल्ट त्या कपॅसिटरवर येतात, थंड सकाळी त्याहून जास्त. माझ्या कंट्रोलरमधल्या कपॅसिटरचे डोके आताच फुगलेले आहे. त्याचा जवळून काढलेला फोटो, बोर्डाच्या दोन्ही बाजूंचे फोटो, मीटरच्या वाचनांचे फोटो आणि बिलाची प्रत या पत्राला जोडली आहे.

आपल्या सेवेतील व्यक्तीने मला पॅनल पुसायला सांगितले, मग वायर जाड करायला सांगितले, मग पॅनलची दिशा बदलायला. ‘यात इंडक्टर आहे का?’ या माझ्या एका प्रश्नाचे उत्तर मात्र शेवटपर्यंत मिळाले नाही.

नुकसान नुसते ३,२०० रुपयांचे नाही. ५ एएचची एक बॅटरी भरायला, इन्व्हर्टर-चार्जरची घट धरून, साधारण १२० वॅट-तास लागतात. आपल्या कंट्रोलरवर दिवसभराच्या चांगल्या उन्हात चारेक बॅटऱ्या निघत, तेवढ्यात छपराचे काम दुपारनंतर अडते. खऱ्या एमपीपीटीवर आठ-दहा निघाल्या असत्या. मित्राकडून आणलेला कंट्रोलर परत करावा लागला आणि मला पुन्हा जनरेटर लावावा लागला. त्यात यंदा २५ मे रोजीच मान्सून तळकोकणात दाखल झाला. आधीच आखूड झालेल्या हंगामात उन्हाचा एकेक दिवस मोलाचा होता. घरात पाणी गळत असलेल्या लोकांना ‘उद्या येतो’ म्हणून सांगावे लागले, हे मला लागले आहे.

पीडब्ल्यूएमविरुद्ध माझे काही म्हणणे नाही. पॅनल जुळते असेल तर तो चांगला चालतो आणि गरीब माणसाला परवडतो. तो पीडब्ल्यूएम म्हणूनच विकावा. खेडोपाडी आज कितीतरी कारागीर, बागायतदार, मच्छीमार स्वतःच्या हाताने अशी सोय करू लागले आहेत. सगळ्यांकडे क्लॅम्प मीटर नसतो. वीज कमी मिळाली की ते आपल्या पॅनलला नाहीतर नशिबाला दोष देतात आणि सौर ऊर्जा कामाची नाही असे म्हणून सोडून देतात.

माझ्या मागण्या अशा : कंट्रोलरचे रु. ३,२०० आणि तो परत पाठवण्याचा खर्च मला मिळावा. मला त्याच्या बदल्यात दुसरा तसाच कंट्रोलर नको. विक्रीच्या पानावरून आणि खोक्यावरून ‘एमपीपीटी’ हा शब्द आणि ५० व्होल्टचा आकडा काढावा. ज्यांनी हा कंट्रोलर ७२ सेलच्या पॅनलवर लावला आहे त्यांना कपॅसिटरच्या धोक्याची सूचना कंपनीने स्वतःहून द्यावी. ही शेवटची मागणी आधी पूर्ण करणार असाल, तर माझ्या पैशांसाठी थांबायची माझी तयारी आहे.

ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० प्रमाणे तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण एका महिन्यात होणे बंधनकारक आहे. तसे न झाल्यास मी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर (१९१५) तक्रार नोंदवीन आणि ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ खाली दिशाभूल करणारी जाहिरात व अनुचित व्यापारी प्रथा यांबद्दल सिंधुदुर्ग जिल्हा ग्राहक आयोगात जाईन. या कायद्यानुसार तक्रार मी राहतो त्या जिल्ह्यात दाखल करता येते, त्यासाठी मला आपल्या शहरात यावे लागणार नाही. उघडलेला कंट्रोलर मी जसाच्या तसा जपून ठेवला आहे. आपला तंत्रज्ञ पाहायला येणार असेल तर तेच पॅनल, तीच बॅटरी आणि मीटर त्याच्यासमोर जोडून दाखवीन. पाऊस उघडलेला दिवस पाहून यावे आणि निघण्याआधी फोन करावा, मी कामावरून येईन.

कळावे,

आपला ग्राहक,
(सही)
सुतारकाम व्यावसायिक,
ता. कणकवली, जि. सिंधुदुर्ग