समोरच्या काकूंना, चारचौघांत

काकू, सादर नमस्कार.

तोंडावर आभार मानायला गेलं की तुम्ही काहीतरी दुसरंच काढून विषय बदलता. म्हणून आज इथे, सगळ्यांसमोर लिहितेय. आता पळा कुठे पळायचं ते.

गेल्या सप्टेंबरात आईनं आमच्या दाराशी हायड्रेंजियाची तीन रोपं लावली आणि ती सांगलीला परतली. न्यू जर्सीची थंडी तिनं कधी पाहिलेली नाही. मार्च लागला तसा प्रत्येक व्हिडिओ कॉलवर तिचा एकच प्रश्न, "फुटली का गं?" मी गुपचूप फोन ट्युलिपकडे वळवायची. दाराशी उभे होते नुसते खराटे. एप्रिलमध्ये जरा ऊब आली तेव्हा टोकांचे चार डोळे, म्हणजे कोंब, हलले होते, तेही एका रात्रीच्या कडाक्यानं काळे ठिक्कर पडले.

मग सल्लागारांची रांग. जिथून रोपं आणली तिथल्या माणसानं फोनवरच्या फोटोवर नजर टाकल्यासारखं केलं, "मेलीत" म्हणाला आणि लगेच नव्या रोपांच्या किमती सांगायला लागला. गवत कापायला येणाऱ्यानं तर विचारलंसुद्धा नाही. मी वेळेवर बाहेर आले म्हणून, नाहीतर तिन्ही कचऱ्याच्या पिशवीत गेली असती. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर कोणी कॉफीचा चोथा सांगितला, कोणी एप्सम सॉल्ट. एक दादा म्हणाले, त्यापेक्षा आपली जास्वंद लावायची. जर्सीत, उघड्यावर!

तुम्ही मात्र खाली बसलात.

गुडघ्याचं ऑपरेशन होऊन वर्षसुद्धा झालं नव्हतं. पायरीवर हात टेकत, "आई गं" करत, पण बसलात. चष्मा कपाळावर सरकवलात आणि अंगठ्याच्या नखानं काडीची साल खरवडलीत. तपकिरी, कोरडी. जरा खाली, तरी तपकिरीच. मग बुंध्याजवळचा मल्च, म्हणजे मातीवरचं आच्छादन, दोन बोटांनी बाजूला केलात आणि काही न बोलता माझा हात धरून तिथे नेलात. मातीच्या जेमतेम वर लालसर हिरवे धुमारे होते, टोकदार, बोटाला लागले म्हणूनच कळले.

बाकी सगळ्यांनी उभ्या उभ्या निकाल दिला होता. पुढे तुम्ही बरंच काही शिकवलंत, पण मला आजही आठवतं ते तुमचं ते बसणं.

आणि खोटा धीर दिला नाहीत. "मुळं जिवंत आहेत. मे संपेपर्यंत कात्री लावू नकोस, खतही नको, आधीच दमलंय ते. पण या मोठ्या पानांच्या जातीची फुलं बहुतेक गेल्या वर्षीच्या काड्यांवर येतात. तिचे डोळे आदल्या उन्हाळ्याच्या अखेरीस धरतात, ते गेले. यंदा पानांवर समाधान मान." इतकं सरळ मला कोणी काही सांगितलं नव्हतं.

नव्यानं आलेल्या किती घरांना तुम्ही पहिल्या थंडीत कोट दिलेत, ब्रिजवॉटरच्या देवळात आपल्या गाडीतून नेलंत, हे मला त्या घरांकडून कळलं. तुम्ही कधी अवाक्षर काढलं नाहीत. आमच्या पिढीत मदत आधी स्टेटसला लागते, मग पोचते.

आता ताजी खबर. दोन रोपं गुडघ्याला लागलीत, तिसरं रेंगाळतंय, पण हिरवं आहे. फूल एकही नाही. दुपारच्या उन्हात पानं माना टाकतात आणि संध्याकाळी आपोआप ताठ होतात. माती बोटानं चाचपल्याशिवाय पाणी घालायचं नाही, हे तुम्ही बजावलंत म्हणून बरं, नाहीतर मुळंच कुजली असती. आईला कॅमेरा थेट बुंध्यापर्यंत नेऊन दाखवलं. तिनं आधी तुमची चौकशी केली, मग रोपांची.

नोव्हेंबरात भोवती गोल जाळी उभी करून आत ओकची वाळकी पानं भरायची म्हणाला होतात, म्हणजे काड्यांवरचे डोळे वाचतील आणि हरणंही लांब राहतील. जाळी आणून ठेवलीय. पानं तुमच्याच अंगणातली नेणार, झाडूनही मीच देईन. तुम्ही खुर्ची टाकून फक्त हुकूम सोडायचे.

आईनं मेतकूट आणि थालीपिठाची भाजणी पाठवलीय, त्यातलं अर्धं तुमचं. उद्या डबा घेऊन येते. आणि काकू, डबा रिकामा परत करायचा नाही ही सवय या एका वेळी तरी मोडा.

तुमची,
समोरच्या घरातली